हाकेला ओ

नरसिंहपूरच्या घाटावर तिन्हीसांजेला बसलो होतो. ऊन उतरलं होतं, पण दगडी पायऱ्या अजून कोमट होत्या. नीरा पश्चिमेकडून येते, भीमा वायव्येकडून, आणि या दोघींच्या मधे निमुळता होत होत पुणे जिल्हा इथं संपतो. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा. दोन्ही तालुके सोलापूरचे. त्यामुळे इथं पलीकडून कुणी हाक मारली की ती परजिल्ह्यातून आलेली असते. तशी एक आली. नीरेच्या पलीकडच्या काठावर बाभळींच्या अंधारात माणूस दिसत नव्हता, नुसतं पांढरं काहीतरी हललं. नाव कुणाचं घेतलं तेही कळलं नाही. नावाचा लांबलेला शेवट तेवढा पाण्यावरून घसरत अलीकडे पोचला.

खालच्या पायरीशी एक नावाडी होडीत साचलेलं पाणी डब्यानं उपसत होता. त्यानं मान वर केली नाही. हातातला डबा रिता केला, तोंड नदीकडे केलं आणि म्हणाला, “ओऽऽ.”

बास. पुन्हा पाणी उपसायला लागला. पलीकडचं पांढरं खाली बसलं. त्याला होडी मिळाली नव्हती, किती वेळात येतो हे कुणी सांगितलं नव्हतं, येतो असंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. तरी तो बसला. निवांत बसला, असं मला एवढ्या लांबूनही वाटलं.

शाळेत आमची विरुद्धार्थी शब्दांची वेगळी वही असायची. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा वैरी. नकारापुढे होकार लिहिला की बरोबरची खूण मिळे. एखादा हुशार मुलगा ‘रुकार’ लिहायचा आणि बाई वर्गाला त्याची वही दाखवायच्या. संमती, अनुमती, मान्यता ही मंडळी पुढच्या इयत्तांमध्ये भेटली. ‘ओ’ मात्र कुठल्याच वहीत नव्हता. तो शब्द आहे असंच कुणाला वाटत नसावं.

होकार देतात, तशी ओ-ही देतात. पण होकाराच्या आधी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं. मुलगी देता का, बैल विकता का, येत्या रविवारी याल का. मग माणूस विचार करतो, हिशेब करतो आणि हो म्हणतो. ओ-ला आधी काहीच नसतं, नुसती हाक असते. काम काय आहे, उसने पैसे मागायला आलाय की पेढे द्यायला, हे कळायच्या आधीच ओ देऊन झालेली असते. होकार मागे घेता येतो. दिलेली ओ मागे कशी घ्यायची?

म्हणूनच की काय, आजी ओ देण्याच्या बाबतीत फार जपून असे. ती इंदापूर तालुक्यातल्याच एका खेड्यातली. रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा तिचा कायदा होता. दुसऱ्या हाकेलाही गप्प राहायचं. “तीनदा हाक आली म्हंजी मानूस हाय,” ती म्हणायची. जे माणूस नाही ते तीनदा बोलवत नाही, असा तिचा पक्का समज. आमच्याकडे रात्री येणारा पाहुणा त्यामुळे दारात ताटकळायचा. घसा खाकरून तिसऱ्यांदा हाक मारायचा, तेव्हा कुठं आतून “ओ” यायची आणि कडी निघायची.

तिचा दुसरा कायदा दिवेलागणीचा. त्या वेळेला घरात ‘नाही’ म्हणायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात लहानपणी ऐकवलेलं असतं. आजी ते फारच मनावर घेई. तेल संपलं असं ती म्हणत नसे, “त्याल आनायचं हाय” म्हणे. पीठ नाही, असं नाही, “दळान टाकायचं हाय.” बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, देवापुढे नारळ फोडला तर तोही ‘वाढवला’. घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणाला की तिचा चेहरा पडायचा. ‘येतो’ म्हणाला की ती आत जाई. लहानपणी मला हा सगळा खुळेपणा वाटे. आता वाटतं, घर सारखं हो म्हणत असतं आणि आपण बोलू त्याला ते मान डोलावतं, ही कल्पना किती धास्तीची आहे. देवसुद्धा तपश्चर्या केल्याशिवाय तथास्तु म्हणत नाही. घराला तेवढाही धीर नाही.

नरसिंहाची वेळ तीच, हे मला पुष्कळ उशिरा जाणवलं. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंहजयंती असते आणि जन्म दिवस मावळताना होतो. नरसिंहपूरला त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, कारण महाराष्ट्रभर विखुरलेल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत आहे. पेशवाईतल्या विंचूरकर सरदारांनी बांधलेलं इथलं देऊळ बाहेरून गढीसारखं दिसतं, आणि आतली मूर्ती वाळूची, खुद्द प्रल्हादानं केलेली, अशी इथली श्रद्धा आहे. एवढा आक्राळविक्राळ देव आणि तो वाळूचा. तोही एका पोरानं नदीकाठी बसून केलेला. पोरं नदीकाठी दुसरं काय करतात म्हणा.

प्रल्हादाची गोष्ट मी आजीच्याच तोंडून ऐकली, आणि ती ऐकायची रीत ठरलेली होती. ती सांगणार, आम्ही ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली. पोरं झोपली की काय हे तपासायची ती युक्ती असेल, पण आम्हाला वाटायचं की आपल्या हुंकारावरच ती गोष्ट चाललीय, हातपंपासारखी. कड्यावरून ढकललं, हूं. हत्तीच्या पायी दिलं, हूं. आगीत बसवलं, हूं. मग बाप खांबाकडे बोट दाखवून विचारतो, हाय का रं तुजा देव ह्या खांबात? इथं आजी थांबायची. आमच्या तोंडाकडे बघायची. इथं हूं चालत नसे. आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, “हाय!” आणि मगच ती पुढे खांब फोडायची.

गोष्ट संपल्यावर मी एकदा तिला विचारलं होतं की आम्ही ‘न्हाई’ म्हटलं असतं तर? ती म्हणाली, “मग खांब उगा खांबच की रं.”

त्या एका उत्तराकडे मी आता पुन्हा पुन्हा जातो. बापानं विचारलेल्या प्रश्नाला प्रल्हाद ‘हो’ म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतो. मराठी माणूस असाच बोलतो. जेवलास का? जेवलो. पाणी आलं का? आलं. भाऊ आहे का घरी? आहे. विचारणाऱ्याचं क्रियापद उचलायचं आणि ठामपणे परत करायचं, वेगळा ‘हो’ कशाला हवा? आणि ‘हो’ तरी काय आहे? ‘होणे’ या क्रियापदातूनच तो आला आहे. इंदापूरकडे व्हय म्हणतात, वऱ्हाडात हव. मुळाशी तेच असणं नि होणं. उलट्या बाजूला ‘नाही’, म्हणजे न असणं. आपल्या भाषेत नकार आणि होकार ही भांडणाऱ्या दोन माणसांची मतं नाहीतच, एखादी गोष्ट आहे की नाही याची ती साक्ष आहे. प्रल्हाद बापाशी वाद घालत नव्हता. बाप विचारत होता, पोरगं सांगत होतं.

गंमत अशी की हिरण्यकशिपूचा वर हा सगळा नकारांचाच बनलेला. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, शस्त्रानं नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही. एवढ्या ‘नाहीं’ची मोळी ब्रह्मदेवापुढे टाकली आणि ब्रह्मदेव म्हणाला, तथास्तु. दिलेला शब्द मोडता येत नाही म्हणून नरसिंहाला त्यातलं एकेक कलम पाळत यावं लागलं. संध्याकाळ, उंबरा, मांडी, नखं. एका होकाराला धक्का न लावता त्याच्या फटीतून वाट काढायची म्हणजे काय कसब आहे! वकिलांनी या देवाला कुलदैवत मानायला हरकत नाही.

आणि शेवट. भागवतात नरसिंह प्रल्हादाला म्हणतो, वर माग. पोरगं आधी नको म्हणतं. वराच्या आशेनं जो सेवा करतो तो भक्त कसला, तो वाणी, असं त्याचं म्हणणं. फारच आग्रह झाला तेव्हा मागतो ते एवढंच, की मागायची इच्छाच मनात उगवू नये. मग बापासाठी क्षमा मागतो. खांबाला ‘आहे’ म्हणणारा देवाला ‘नको’ म्हणतो. आजी हा भाग सांगत नसे. तोवर आम्ही झोपलेले असायचो आणि हूं बंद पडलेला असायचा.

कागदावरचे होकार वेगळ्या घराण्यातले. मंजूर, कबूल, राजी, पसंत: सगळे अरबी-फारसीतून दरबाराच्या वाटेनं आले आणि इथलेच झाले. जिथं सही-शिक्का लागतो तिथला होकार परका आणि तोंडी होकार घरचा, असं काहीसं झालं. ‘कौल’ही त्यांच्याबरोबर आला, ओस पडलेली गावं पुन्हा वसवायची तर रयतेला कौल द्यायचे, या इंदापूर-सुप्याच्या मुलखानंही ते पाहिलेत. मग कोकणात देवाला फूल चिकटवून कौल लावू लागले. फूल उजवं पडलं की देवाचा होकार. दरबारातला शब्द गाभाऱ्यात जाऊन बसला, तिथून निवडणुकीच्या दिवशी बाहेर येतो: मतदारांनी कौल दिला.

पण सगळ्यात मजेशीर प्रवास राजीनाम्याचा. राजी म्हणजे खूश, तयार. राजीनामा म्हणजे तयारी असल्याचा कागद. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. मी राजीखुशीनं सोडतोय, एवढंच त्यात म्हटलेलं. पुढे त्यातली खुशी गळून गेली आणि सोडणं तेवढं उरलं. आज एखादा मंत्री राजीनामा देतो तेव्हा तो राजी असतो असं कुणी म्हणणार नाही.

माझ्या आजोबांचा होकार अंगठ्याचा होता. कागदाच्या तळाला जांभळा डाग आणि शेजारी कुणीतरी लिहिलेलं, ‘निशाणी डावा हात अंगठा’. पाण्याच्या अर्जावर, म्हणजे सात नंबरच्या फॉर्मवर, तोच डाग असे. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापुरात उतरतो. त्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला ‘मंजूर’ या शब्दाचा एक खास अर्थ माहीत असतो. अर्ज मंजूर, आवर्तन मंजूर, आणि चारी कोरडी. आजोबा चारीच्या कडेला उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, मंजूर वाहत न्हाई. गावात नंदीबैलवाला आला की मात्र ते त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे. गुबूगुबू वाजायचं, औंदा पाऊस पडंल का असं विचारलं जायचं, बैल मान हलवायचा. तो सगळ्यालाच मान हलवतो हे आजोबांना ठाऊक होतं. तरी सुपातलं धान्य घालताना त्यांचा हात आखडत नसे. कचेरीतल्या मंजूरपेक्षा त्यांना बैलाची मान बरी वाटत असावी. ती निदान डोळ्यांसमोर हलायची.

आता अंगठा आमच्या फोनमध्ये येऊन बसलाय. भाऊबंदांच्या गटावर कुळाचाराची तारीख टाकली की वीस जणांचे पिवळे अंगठे. लिहिता येत नव्हतं म्हणून आजोबा अंगठा उठवायचे, नातवंडं लिहायचा कंटाळा म्हणून. यात आणखी एक घोळ आहे. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. वीसातले बाराजण कुळाचाराला येत नाहीत, तेव्हा तो अंगठा नेमका कुठला होता याचा उलगडा होतो.

आपला नकार बहुधा होकाराचे कपडे घालूनच येतो. बघू. कळवतो. सवडीनं बोलू. पत्रिका जमली असती तर फार बरं झालं असतं. होकार मात्र कित्येकदा बिनकपड्यांचाच घ्यायची रीत होती, निदान बायकांकडून. माझ्या एका आत्यानं पोह्यांची बशी आणून ठेवली, खाली मान घालून बसली आणि उठून गेली. तेवढ्याला तिचा होकार धरला. साठ वर्षं संसार झाला, बरा झाला. परवा ती सहज म्हणाली, “मला कुनी इचारलंच नव्हतं की. मान खाली घातली ती पोह्यात केस दिसला म्हनून.” सगळे हसले. तीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

आपल्या लग्नविधीत वधू-वरांना पसंती विचारायचा क्षण येतच नाही. अंतरपाट असतो, अक्षता असतात, ‘सावधान’ असतं. तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेला एक रामदास सगळ्यांना माहीत आहे. पळता न आलेल्या मुली किती, कोण मोजणार. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा. त्या म्हणाल्या, कैद. पुढे त्या डॉक्टर झाल्या. नंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाचं वय बारा झालं, आणि त्यावरून पुण्यात टिळक-रानडे अशी मोठमोठी माणसं समोरासमोर उभी राहिली. ‘संमती’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत इतका कधी छापला गेला नसेल. जिच्या संमतीचा एवढा खल चालला होता ती पोरगी त्या वेळी कुठल्यातरी माजघरात सागरगोटे खेळत असेल. त्याआधीच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं होतं. जोतीरावांनी मंगलाष्टकंच अशी रचली की त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू आपल्या अटी घालते. मला त्यातला धाडसी भाग भटजीला वगळणं हा वाटत नाही. सगळ्या मांडवासमोर मुलीनं तोंड उघडायचं, हे त्याहून धाडसाचं.

भटजी असले की यजमानाला एकच शब्द येऊन भागतं: मम. पुढचं-मागचं सगळं गुरुजी म्हणतात, आपण पळीतलं पाणी सोडायचं आणि मम म्हणायचं. नरसिंहाच्या अभिषेकाला मी वर्षानुवर्षं मम म्हणत आलो, अर्थ न विचारता. ‘मम म्हणणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच पडला, नुसती मान डोलावण्याला. मम म्हणजे माझं. आणि हवन असलं की आहुती देताना म्हणायचं, न मम, माझं नाही. एका सकाळीत दोन्ही म्हणून होतं, पळी तीच. होयबा नावाचा जो प्राणी आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे तो याच कुळातला. पण सगळीच साथ होयबाची नसते. पोवाड्यात शाहीर एक ओळ फेकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ करून ती झेलतात. त्यांचा जी काढून घेतला तर शाहीर दोन कडव्यांत धापा टाकील. आमचा हूं तसलाच असेल का? असावा असं वाटतं. आजी एकटीनं खांब फोडू शकत नव्हती.

घाटावर आता पुरता अंधार पडला होता. मागं देवळात आरतीची घंटा सुरू झाली. नावाड्यानं डबा होडीत फेकला, पाय भिजवून होडी लोटली आणि नीरेवरून पलीकडे निघाला. वल्ह्याचा आवाज थोडा वेळ आला. वरून उजनीचं पाणी सुटलेलं असावं, भीमेच्या बाजूला पात्र भरलेलं दिसत होतं. तिथं नीरेचं पाणी आत शिरताना एक रेघ उमटते आणि जरा पुढं, पंढरपूरच्या वाटेवर, पुसली जाते. अंधारात ती दिसत नव्हती. मी तिथंच बघत होतो.

तेवढ्यात दुसरी हाक आली. ही भीमेपलीकडून, माढ्याच्या बाजूनं. बाईचा आवाज होता. नावाडी दूर गेलेला, त्याच्या कानावर जाणं शक्य नव्हतं. घाटावर मी एकटाच. मला वल्हवता येत नाही, पोहताही बेताचंच येतं. मी गप्प बसलो. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, पहिलीपेक्षा जरा लांबवलेली. मी मागं वळून देवळाच्या दारात कुणी दिसतंय का पाहिलं. सगळे आरतीला आत.

मग तिसऱ्यांदा आली. मी उठून उभा राहिलो आणि तोंड नदीकडे केलं.